आठवण आणि आर्तध्यान

घरातलं माणूस गेलं की आपल्या समाजातल्या बायका भेटायला येतात. चटईवर बसतात, णमोकार म्हणतात, पदरानं डोळे टिपतात आणि उठता उठता घरातल्या बाईच्या हातावर हात ठेवून सांगतात, "रडू नको बाई, आर्तध्यान होतंय." बेळगाव, निपाणी, चिकोडी, सांगली, कुठंही जा, हे वाक्य ठरलेलं. सांगणारीच्या मनात वाईट काही नसतं. तिला धीरच द्यायचा असतो, आणि धीर देताना आपल्याकडे शास्त्राचा शब्द पटकन तोंडात येतो.

शब्द चुकीचा आहे असंही नाही. आपल्याकडे ध्यानाचे चार प्रकार सांगितलेत : आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल. आर्तध्यानातला एक प्रकार म्हणजे इष्टवियोगज. आवडतं माणूस दुरावलं की मन त्याच्याभोवतीच घोळत राहतं, ते. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात दुःख, शोक, ताप, आक्रंदन ही असाता वेदनीय कर्माच्या आस्रवाची कारणं म्हणून दिलीत. दशलक्षणात रोज एक अध्याय याप्रमाणे दहा दिवस सूत्रवाचन ऐकणाऱ्या आपल्या बायकांना हे काही नवीन नाही.

आजूबाजूच्या घरांमध्ये श्राद्ध असतं, पिंड असतो. तिथं गेलेल्याची आठवण काढण्याला एक काम नेमून दिलेलं आहे. आपण पोचवलेलं त्याला पोचतं, असं ती माणसं मानतात. आपलं तसं नाही. देह सुटला की जीव काही समयांतच दुसरीकडे जन्म घेतो, असं आपण मानतो. आपले अश्रू त्याला भिजवत नाहीत आणि आपला नैवेद्य त्याला मिळत नाही. म्हणजे आठवणीचा जो काही परिणाम व्हायचा तो आठवणाऱ्यावरच होणार. मग आठवण काढायची की नाही? काढली तर ती कुठल्या खात्यात जमा होते?

हा प्रश्न मला पोथी वाचताना पडलेला नाही. आमच्या आत्यांनी तो विचारला. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात. आमचे सासरे गेले, त्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणायचे. अण्णा गेल्यावर पंधराएक दिवसांनी, भेटणाऱ्यांची वर्दळ कमी झाल्यावर, दुपारी शेंगा फोडत बसलेल्या आत्या मला म्हणाल्या, "छप्पन्न वर्षं ज्यांच्याबरोबर काढली त्यांची आठवण आली तर पाप लागतंय म्हणतात. मग मी काय करू सांग. विसरू काय त्यांना?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या. अष्टमी-चतुर्दशी न चुकवणारी, सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही न घेणारी ती बाई धर्माप्रमाणे दुःख कसं करायचं हे विचारत होती. उत्तर देण्याआधी अण्णा कसे होते ते सांगायला हवं, कारण उत्तराचा अर्धा भाग त्यांच्याकडूनच आलेला आहे.

अण्णांचा जन्म चिकोडी तालुक्यातला, दूधगंगेच्या काठचा. घरी तंबाखूची शेती. शेतात कन्नड, घरात मराठी. शाळा संपल्यावर वडिलांनी सांगलीला जैन बोर्डिंगात ठेवलं. स्तवनिधीला 1899 मध्ये ज्या दक्षिण भारत जैन सभेची सुरुवात झाली, तिच्या बोर्डिंगांनी खेड्यातली किती मुलं शिकवली याचा हिशोब कोणी केला तर त्यात अण्णांचं एक नाव असेल. तिथूनच ते वालचंद कॉलेजात इंजिनिअर झाले. ते सोळा वर्षांचे असताना, 1956 च्या नोव्हेंबरात, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला होता. त्यामुळे नोकरी लागली ती तिकडच्या पाटबंधारे खात्यात. बोलायचं कन्नड येत होतंच. कचेरीतलं कन्नड लिहायला मात्र ते तिशीला आल्यावर शिकले, आणि अक्षर शेवटपर्यंत शाळकरी मुलासारखं मोठं मोठं राहिलं.

नोकरीची सगळी वर्षं घटप्रभेच्या आणि कृष्णेच्या खोऱ्यात गेली. कधी धरणाच्या कामावर, कधी कालव्यावर. आत्या मुलांना घेऊन शाळेसाठी बेळगावात राहायच्या आणि अण्णा शनिवारी रात्रीच्या गाडीनं यायचे. पगार झाला की हातात गोकाकच्या कर्दंटाचा पुडा. छावणीवर रात्रीचं जेवण सगळ्यांबरोबर व्हायचं ते आठाला. अण्णा पाच वाजता चुरमुरे-शेंगा खाऊन पाणी प्यायचे आणि आठाला सगळ्यांबरोबर नुसते गप्पा मारायला बसायचे. "मी खात नाही हे त्यांना दाखवायला कशाला पाहिजे," एवढंच म्हणायचे.

अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून विहिरीचं पाणी भरायला लागले. आत्यांनी विचारलं, हे काय नवीन. तर म्हणाले, "मी तीस-पस्तीस वर्षं लोकांना पाणी मोजून दिलं. घरातलं पाणी तूच भरलीस." तेव्हापासून पाणी गाळायचं काम त्यांचं. दुहेरी गाळणं घागरीच्या तोंडाला बांधायचं, सावकाश ओतायचं, आणि गाळण्यावर राहिलेलं पाणी न आपटता, न सांडता परत विहिरीत सोडायचं. लहान मूल पाळण्यात ठेवावं तसं. आत्यांच्या उपवासाच्या दिवशी आमटी-भात ते करायचे. माझी बी. ए. ची दोन वर्षं लग्नामुळं राहिली होती. माझी धाकटी तीन वर्षांची झाल्यावर अण्णांनी स्वतः विद्यापीठाचा फॉर्म आणून माझ्यासमोर ठेवला आणि परीक्षेच्या महिन्यात नातवंडांना घेऊन बसले. मी सून. माझं त्यांचं रक्ताचं नातं काही नाही. तरी वडील गेल्यावर जसं वाटलं तसंच अण्णा गेल्यावर वाटलं, याचं कारण अशा गोष्टींमध्ये आहे.

आता आत्यांच्या प्रश्नाकडे येते.

पहिल्यांदा मला आठवला पद्मपुराणातला राम. आचार्य रविषेणांची ही कथा आपल्यातल्या पुष्कळ जणींनी ऐकली असेल. लक्ष्मण गेला, पण राम ते मानेना. लक्ष्मणाचा देह खांद्यावर घेऊन तो सहा महिने फिरला. त्याला न्हाऊ घालायचा, घास भरवायचा, रुसलास का म्हणून विचारायचा. त्याला भानावर आणायला दोन देव आले. कुणी वाळलेल्या झाडाला पाणी घालू लागला, कुणी लोण्यासाठी पाणी घुसळू लागला, कुणी वाळू घाण्यात घालून तेल काढू लागला. राम म्हणाला, वेडे आहात काय. मग त्यांनी एक मढं खांद्यावर घेतलं आणि रामासमोर उभे राहिले. तेव्हा रामाला कळलं. त्यानं लक्ष्मणाचा संस्कार केला आणि पुढं दीक्षा घेतली.

ही कथा सांगताना वक्ते रामाच्या मोहाकडे बोट दाखवतात, ते बरोबरच. पण चूक नेमकी कुठं होती? लक्ष्मणावर माया केली यात नव्हती. त्याचे गुण आठवले यातही नव्हती. जे झालं ते झालं असं न मानण्यात होती. आत्यांनी तसं काहीही केलं नव्हतं. बाराव्या दिवसानंतर अण्णांचे कपडे धुऊन, घड्या घालून त्यांनीच बोर्डिंगच्या मुलांना पाठवले. चष्मा देऊन टाकला. अण्णा गेले हे त्या घरात आत्यांइतकं स्वच्छ कुणीच मानलं नव्हतं. त्या प्रेत वाहत नव्हत्या. फक्त दुपारी शेंगा फोडताना डोळ्यांत पाणी यायचं.

दुसरी गोष्ट. आपला धर्मच मुळी गेलेल्यांच्या आठवणीवर उभा आहे. चोवीस तीर्थंकर हाकेला येत नाहीत, मागितलेलं देत नाहीत, हे आपण लहान मुलालाही शिकवतो. तरी रोज सकाळी बस्तीत जाऊन त्यांचे गुण आठवतो. का? तर ते आठवून आपल्यात काही फरक पडावा म्हणून. म्हणजे आठवणीला पाप म्हणता येत नाही. कुणी म्हणेल, तीर्थंकर कुठं आणि तुमचे अण्णा कुठं. मान्य आहे. पण सूत्राच्या सातव्या अध्यायात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य अशा चार भावना सांगितल्यात. जो गुणांनी आपल्यापेक्षा मोठा त्याला पाहून आनंद वाटणं म्हणजे प्रमोद. तो वीतरागीच असला पाहिजे अशी अट नाही. शेजारची बाई चांगली असली तरी प्रमोद होतो, सासरा चांगला असला तरी होतो.

तिसरी गोष्ट मला सर्वार्थसिद्धीत सापडली आणि मी आत्यांना ती वाचून समजावून सांगितली. आचार्य पूज्यपाद याच सहाव्या अध्यायातल्या सूत्रावर एक शंका घेतात. दुःख दिल्यानं-घेतल्यानं असाता बांधली जात असेल, तर मुनी केशलोच करतात, उपवास करतात, त्यानं पण बांधली जाईल की. त्याला आचार्य उत्तर देतात की, आत क्रोधादिकांचा आवेश असताना जे दुःख होतं ते आस्रवाचं कारण. आणि उदाहरण देतात ते वैद्याचं. दयाळू वैद्य एखाद्या साधूचं गळू कापतो तेव्हा दुःख होतंच, पण त्या वैद्याला पाप लागत नाही, कारण आत कषाय नाही. म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या दुःखावरून निकाल लावू नये. आत काय आहे ते बघावं.

आत्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आत काय आहे हे कसं बघायचं गं? रडताना कळतंय काय?"

इथं मला अण्णाच आठवले.

नात सातवीत असताना तिला शाळेत धरणावर चार पानं लिहून न्यायची होती. अण्णा तिला घेऊन बसले. त्यांनी मातीच्या बांधाचं चित्र काढलं. मधे चिकण मातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरूम, वरच्या अंगाला दगडांचं पिचिंग. मग पायथ्याशी एक बारीक रेघ काढली आणि म्हणाले, इथनं पाणी पाझरतं. नात घाबरली. "मग ते फुटणार काय, आज्जा?"

अण्णा म्हणाले, "मातीच्या धरणातनं पाणी पाझरतंयच. न पाझरणारं धरण मी बघितलेलं नाही. त्याला भ्यायचं नाही. पायथ्याला चर काढायचा, त्यात खाच पाडलेली फळी बसवायची, रोज पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. आणि एक करायचं. काचेच्या ग्लासात ते पाणी धरून उजेडात बघायचं. स्वच्छ असलं तर घरी जाऊन झोपायचं. गढूळ असलं तर त्या रात्री कुणी झोपायचं नाही."

गढूळ पाणी म्हणजे ते आतली माती घेऊन येतंय. आत बारीक वाट पडलीय आणि ती रुंद होत चाललीय. स्वच्छ पाणी जास्त आलं तरी काळजी कमी, गढूळ थोडं आलं तरी धोका. नातीनं विचारलं, मग भोक बुजवायचं का. अण्णा म्हणाले, "तीच तर चूक करतात. बाहेरनं बुजवलं की पाणी आत दाटतं आणि दुसरीकडनं फुटतं. त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग जाड खडी असे थर घालायचे. पाण्याला वाट द्यायची आणि मातीला अडवायचं. तुझी आज्जी गाळण्यातनं पाणी गाळायची ना, तसंच."

हे सांगताना ते गंभीर असायचे. 1961 च्या जुलैत पानशेत फुटलं तेव्हा ते सांगलीला शिकत होते. काम पुरं व्हायच्या आत भरलेलं ते धरण, त्याच्यामागोमाग खडकवासला गेलं, आणि पुण्यात पाणी शिरलं. पाणी कुणाची भीड ठेवत नाही, हे त्या पिढीच्या इंजिनिअरांनी विद्यार्थी असतानाच बघितलं होतं.

मी आत्यांना ती वही आणि तो ग्लास आठवून दिला. दुःख पाझरणारच. "रडू नको" म्हणणं म्हणजे बाहेरनं भोक बुजवणं. बघायचं ते एवढंच की पाण्याबरोबर माती येतेय का. कषायाला कषाय म्हणतात तेही उगीच नाही. त्या शब्दातच काढ्याचा तुरटपणा आणि रंग आहे. स्वच्छ पाण्याला रंग लावतो तो कषाय.

तो कसा ओळखायचा? आपण चार कषाय पाठ म्हणतो, तेच चार घेऊ.

क्रोध. "अमक्या दवाखान्यात नेलं असतं तर वाचले असते." "धाकटा तिसऱ्या दिवसानंतर फिरकला नाही." आठवण काढायला बसलो अण्णांची, आणि दहा मिनिटांनी बोलतोय दुसऱ्याच कुणाबद्दल, असं झालं की समजावं, पाणी गढूळ झालं.

मान. श्रद्धांजलीची जाहिरात द्यायची ठरली तेव्हा एका नातेवाइकांनी मजकूर लिहून आणला. त्यात अण्णांना धरणाचे शिल्पकार म्हटलं होतं. आत्यांनी चष्मा लावून वाचलं आणि ते दोन शब्द खोडायला सांगितले. "हजारो माणसांनी माती वाहिली तिथं. हे त्यातले एक. हे असते तर त्यांनी पण खोडलं असतं." गेलेल्या माणसाच्या नावावर आपण आपलीच उंची वाढवतो ती ही अशी.

माया, म्हणजे कपट. यात आपण नेहमी अडकतो, कारण ते गोड असतं. भेटायला आलेल्या कुणी म्हटलं, अण्णांनी उभ्या जन्मात आवाज चढवला नाही. आत्या रडत होत्या, त्यातच हसल्या. "चढवायचे की! नळ उघडा राहिला तर घर डोक्यावर घ्यायचे." गेलेल्याबद्दल खोटं बोलायला सत्याणुव्रतात सवलत दिलेली नाही. आणि खोट्या गुणांवर प्रमोद करून आपल्यात फरक तरी कसला पडणार? जो माणूस कधीच चिडला नाही त्याच्यासारखं होणं मला जमणार नाही. पण जो चिडायचा आणि संध्याकाळच्या प्रतिक्रमणात त्याची आठवण ठेवायचा, सकाळी सुनेलाही "काल जास्त बोललो" म्हणायचा, त्याच्यासारखं व्हायचा प्रयत्न मी करू शकते.

लोभ. याचं आपल्या बायकांमधलं रूप म्हणजे निदान, पुढच्या जन्माची मागणी. शेजारणी वडाला सूत गुंडाळतात ते बघून आपल्याही तोंडून जातं, पुढच्या जन्मी हेच मिळू देत. कुणीतरी आत्यांना तसं म्हटलं. आत्या म्हणाल्या, "त्यांना धर्म मिळू दे. मला पण मिळू दे. गाठ नाही पडली तरी चालंल." मला वाटतं, त्या दिवशी त्यांच्या ग्लासातलं पाणी स्वच्छ होतं. डोळे मात्र तेव्हाही ओलेच होते.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी. गाळून घेणं म्हणजे गोड गोड तेवढं ठेवणं असा अर्थ मी करत नाही. गाळण्यातून पाणी सगळं जातं. चवीचं तेवढं जात नाही. अण्णांच्या आयुष्यातलं जे अवघड होतं तेही त्या पाण्यात आहे.

आत्यांची दोन्ही बाळंतपणं अण्णा कामावर असताना झाली. मोठ्याला गोवर आला तेव्हा निरोप पोचायला दोन दिवस लागले. बदल्यांच्या काळात सासू-सासऱ्यांचं आजारपण आत्यांनी एकटीनं काढलं. लोक अण्णांना कुटुंबवत्सल म्हणतात आणि ते होतेच. पण त्यांचं कुटुंब उभं राहिलं ते आत्या जागच्या हलल्या नाहीत म्हणून. हे आत्यांनी बोलून दाखवलं तर ती तक्रार नव्हे, ती हकिगत आहे. अण्णांनाही ती ठाऊक होती. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते घागर घेऊन विहिरीकडे का गेले, हे त्या हकिगतीशिवाय कळतच नाही.

आणि दुसरं, त्यांच्या कामाचं. हिडकलच्या जलाशयात हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर आहे. पावसाळ्यात पाण्याखाली जातं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. लोक ते बघायला जातात, फोटो काढतात. अण्णा एकदाच आम्हाला घेऊन गेले आणि फार बोलले नाहीत. परत येताना म्हणाले, "देवळाची भिंत टिकली म्हणून दिसते. मातीची घरं दिसत नाहीत." नोकरीच्या सुरुवातीला बुडीत गावांमधली घरं मोजायला ते गेले होते. एका म्हातारीनं त्यांना विचारलं होतं, तुळशीकट्ट्याचे किती पैसे धरलेत. त्यांनी फूटपट्टी लावून तोही मोजला होता. हुक्केरी-गोकाककडची ओली शेतं बघून त्यांना आनंद व्हायचा आणि ती म्हातारी आठवली की ते गप्प व्हायचे. दोन्ही खरं होतं, आणि एकानं दुसरं खोडायचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही.

आपल्याकडे हिंसेचे चार भेद सांगतात : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाला संकल्पी हिंसा सोडायला सांगितलीय. उद्योगातली हिंसा त्याला पुरती सुटत नाही, ती जाणून कमी करायची असते. धरण बांधणारा माणूस किती जीव दुखावतो, आणि तेच पाणी किती जिवांना पुरतं, याची बेरीज-वजाबाकी मला येत नाही. पण ज्यानं आयुष्यभर उद्योग केला, त्यातलं दुखणं विसरला नाही, आणि घरी येऊन गाळण्यावरचं पाणीसुद्धा हळू सोडलं, त्याला आठवायचं तर हे सगळं मिळून आठवायला हवं. यातलं काही वगळलं तर उरतो तो जाहिरातीतला फोटो.

आता कडक बाजूनं कुणी विचारेल, की प्रमोद झाला तरी तो शुभ रागच. त्यानंही बंध होतोच, पुण्याचा झाला तरी. हे खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. मुनींचा मार्ग तिथून पुढं जातो. आचार्य शांतिसागर महाराज आपल्याच भागातले, भोजचे. 1955 मध्ये कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली तेव्हा देहाचाही मोह उरला नव्हता, मग नातलगांचा कुठला. त्या उंचीला माझा नमस्कार आहे. पण ती उंची त्यांनी चढून गाठली होती. पंधरा दिवसांपूर्वी विधवा झालेल्या बाईला, चटईवर बसलेली असताना, आपण एका वाक्यात तिथं नेऊन बसवू शकत नाही. श्राविकेला पायऱ्या दिल्यात त्या चढण्यासाठीच. अशुभातून शुभात येणं ही तिची आजची पायरी. आक्रोशाकडून गुणस्मरणाकडे आली, तर ती योग्य दिशेला चालली आहे.

शिवाय त्या चार भावनांमध्ये दुःखानं पीडलेल्यासाठी वेगळी भावना नेमून दिलेली आहे : कारुण्य. उपदेश नाही दिलेला. म्हणजे भेटायला जाणारीचंही काही कर्तव्य आहे. रडणारीचं ध्यान कुठलं हे ठरवण्याआधी आपली भावना कुठली हे तिनं बघावं. मला एवढंच सुचवायचं आहे, की जाल तेव्हा विचारा, "सांगा की, कसे होते ते?" आणि मग ऐका. ती रागाचं बोलली तर ते खाली बसेपर्यंत थांबा. खोटं गोड बोलू लागली तर खरं काय ते हळूच विचारा. वाळू, बारीक खडी, जाड खडी. हे काम एका माणसाला जमत नाही, त्याला आजूबाजूला चार बायका लागतात. आपली महिला मंडळं एवढं करू शकली तरी खूप झालं.

आत्या आता रोज स्वाध्यायाला येतात. अण्णांबद्दल बोलतात, कधी हसून, कधी डोळे पुसत. पहिल्या महिन्यात त्या सांगायच्या ते बहुतेक शेवटच्या आजारपणाचं असायचं. आता छावणीवरचं सांगतात, कर्दंटाचं सांगतात, पाहुण्यांसमोर झालेल्या भांडणाचं सांगतात. पाणी पूर्वीइतकंच येतं. मी मनातल्या मनात उजेडात धरून बघते.

आणखी दोन पिढ्यांनी अण्णांचं नाव कुणाला ठाऊक नसेल. माझ्या पणजोबांचं मला तरी कुठं आहे? अनित्य भावनेत आपण हेच म्हणतो आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. नात आता हुबळीला शिकते. सुट्टीला घरी आली की जेवून हात धुताना नळ बारीक धारेवर ठेवते आणि मैत्रिणीलाही तसंच करायला सांगते. का, ते सांगत बसत नाही. आम्ही आहोत तोवर ते कुणाचं हे आम्हाला कळेल. नंतर नाही कळलं तरी नळ बारीकच राहील.